तात्यांचं ड्रिलशी वाकडं

बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी भिंतीला ड्रिल लावलं, की मशीन थंड व्हायच्या आत तांडेलतात्या दारात हजर. मी नवीन राहायला आलो तेव्हा पडद्याची दांडी लावत होतो. हा उंच म्हातारा न विचारता आत आला, भिंतीला कान लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "तेल लागला का? नाय? मंग कशाला मासली पलवता?"

तात्या मूळचे किनाऱ्यावरचे. स्वतःची बोट होती. मग समुद्रात तेल शोधणारी जहाजं ऐन हंगामात यायला लागली. ती आली की यांनी जाळी गुंडाळायची. पुढे तिकडे समुद्राच्या तळाला ड्रिल करून तेलाच्या विहिरी झाल्या आणि त्यांच्या आसपास बोट न्यायला बंदी आली. "मासली पन हुशार, बंदीत जाऊन बसली," असं तात्या सांगतात. मासळीच येईना म्हणून गावातला बर्फाचा कारखाना बंद पडला, तात्यांनी बोट विकली, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा गणेश नोकरीला लागला तो थेट समुद्रातल्या तेलाच्या रिगवर! बोईसरला हा फ्लॅट घेतला तो त्याच्याच पगारातून. घरातल्या वस्तूंची नावंही तशीच: रिगचा पंखा, रिगचा फ्रिज.

"तात्या, रिगच्या खुर्चीत बसून रिगलाच शिव्या?" मी एकदा चिडवलं.

"मंग उभा ऱ्हाऊन देऊ? गुडघं दुखतान."

यंदा नारळी पौर्णिमेला गणेश येणार होता. त्यांच्या घरी नारळ बाप-लेकांनी मिळून धरायचा आणि समुद्राला द्यायचा, अशी रीत. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. नव्या विहिरीचं काम निघालंय, रजा रद्द. तात्या नुसतं "बरा" म्हणाले. फोन बंद झाला तरी तो कानालाच होता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून किनाऱ्यावर नेलं. दुकानातला एकेक नारळ कानाशी हलवून त्यांनी दुकानदाराला पुरता बेजार केलं. गुडघाभर पाण्यात गेल्यावर मला म्हणाले, "भाऊ, तू धर. एकट्यानी देत नाय."

मी नारळाला हात लावला. आता तेलवाल्यांचा उद्धार होणार, असं मी गृहीतच धरलं होतं. तात्यांनी डोळे मिटले.

"दर्यादेवा, शांत ऱ्हा. पोरगा तुझ्या अंगावर हाय." मग नारळ घट्ट धरून, "तुझा तेल आटू दे, असा मागनार होतो. म्हंजे गनेश घरी आला असता." "पन घरी येऊन करंल काय? बोट नाय, मासली नाय. तेल ऱ्हाऊ दे, देवा. त्याला सुट्टी तेवढी दे."

आम्ही नारळ सोडला. पोराची आठवण तात्यांना पाण्याबाहेर येऊ देईना. शेवटी मीच हाताला धरून त्यांना वर आणलं.

स्कूटरवर मागे बसल्यावर त्यांनी माझा खांदा दाबला.

"गनेशला सांगू नको हां, मी तेल मागितला."