कंदीलपुष्पाचा पहारा

राहुरीजवळच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या वेलाचं आणखी एक टोक गायब झालं, तेव्हा आढावसाहेब चहा अर्धा टाकून उठले. उद्यानाचे प्रमुख असूनही त्या वेलापायी ते नुसते हवालदार झाले होते. डोंगरकड्यांवरून नाहीसा होत चाललेला वेल, उद्यानात उरलेला एकच, आणि सोमवारी तोच पाहायला पुण्याहून समिती येणार! वेल नसला तर दुर्मिळ झाडांचा विभागच बंद.

"मच्छिंद्र! अरे, तू रखवालदार आहेस की बुजगावणं?"

"साहेब, डोळ्यांत तेल घालून बसतोय. पर लोकं फोटो काढाया वाकत्यात, आनि उठंस्तोवर फांदी पिशवीत!"

साहेबांनी जाळी लावली. जाळीतून बोटं गेली. मग स्वतः पाटी रंगवली: 'चोरू नका. मागा, रोप करून देऊ.' लोक पाटी मोठ्यानं वाचत आणि पलीकडून फांदी मोडत. मागायला एक माणूस फिरकला नाही. काय म्हणावं या जनतेला! शेवटी शनिवारी उरल्यासुरल्या खोडानंही मान टाकली.

"आता समितीला काय दाखवू? जाळी?"

मच्छिंद्रनं डोकं खाजवलं. "साहेब, रागावनार नसाल तर सांगतो. असलं फूल मी घोडेगावात बघितलंय. आमच्या सासूबाईंच्या दारात."

साहेब रागावलेच. रागातच मच्छिंद्रला मागं घेऊन त्यांनी मोटारसायकल काढली.

घोडेगावात सासूबाई गोजरबाईंच्या अंगणात, रंगाच्या जुन्या डब्यात वेल असा माजला होता की छपरावरून शेजारी उतरला होता. शेजारी, पलीकडे, अख्ख्या आळीत तोच. साहेबांना आनंदानं रडू यायला लागलं, आणि संतापानंही.

"मावशी, हा वेल आमचा आहे!"

"तुमचाच हाय की! जावईबापूंचा डबा घेऊन आल्ते, तवा आनला." गोजरबाईंना काडीची लाज नव्हती.

"अहो, मग मागायचा ना! एवढी पाटी लावलीय!"

"वाचली की. पर मागून आनलेलं झाड लागतं व्हय? चोरूनच आनावं लागतं. आळीतल्या समद्यांनी माझ्याकडनं चोरलाय, म्हनून तर लई फोफावलाय!"

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मग तेच हात जोडले. "झालं गेलं जाऊ द्या. मुळासकट एक फांदी द्या. समिती येतेय हो!"

"दिली असती. पर दिलेली जगायची न्हाई, आनि तुमच्याकडं येक आधीच मेलाय." गोजरबाई उंबऱ्याकडं वळल्या. "मी चहा टाकते. जावईबापू, तुमीबी आत या. साहेबांना लाज वाटंल."

दार लोटलं गेलं. आढावसाहेब अंगणात एकटेच उरले. थोड्या वेळानं आतून हाक आली, "साहेब, खुरपं पायरीखाली हाय! आटपा लवकर, चहा निवतोय!"