लाल कोठारापासून डावीकडे

सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये कुणी नवीन मराठी माणूस आला की मी त्याला पहिल्याच दिवशी बजावते, "बाबा रे, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, वगैरे होईल सावकाश. शब्बीरभाईंना पत्ता मात्र विचारू नकोस."

कारण ते सांगतात असे : "बंगाल्याचं दुकान होतं बघा, तिथून डावीकडे. दुकान आता नाही. पुढं पिवळी भिंत लागायची, ती पाडली. तिथंच उजवीकडे." ऐकणारा बिचारा मान डोलावतो आणि थेट कुवेतच्या रस्त्याला लागतो.

शब्बीरभाई आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतात, मी तिथेच पॅथॉलॉजीत. ते दापोलीकडचे, मी कऱ्हाडची. शुक्रवारी ते आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलावतात आणि आम्हीही फार आढेवेढे घेत नाही. सांदणं आणि मटणाचा रस्सा असा करतात, की नको म्हणणाऱ्याचं नशीबच फुटकं म्हणायचं.

पण जेवण फुकट नसतं! जेवल्यावर साबणाने हात धुवायचे, ते शब्बीरभाईंनी तपासायचे आणि मग गालिच्यावर नकाशा पसरायचा. कोपऱ्यांवर खजुरांचे डबे ठेवायचे. "यल्ला डाक्टरबाई, आज कुठं जायचं?"

जायचं अमेरिकेत. तेही आजच्या नाही.

तरुणपणी ते दम्मामच्या बाजूला तेलवाल्यांच्या वसाहतीत नोकरीला होते. एक म्हातारा अमेरिकन कायमचा घरी परतताना बापाच्या वेळची एक पेटी टाकून चालला होता. शब्बीरभाईंनी ती उचलली. आत त्याच्या देशातले जुने रस्त्यांचे नकाशे आणि प्रवाशांसाठी छापलेली गाईडबुकं. तिकडे मोटारी नव्यानव्या होत्या, रस्त्यांना नंबरही नव्हते, त्या काळातली. त्यात वाट सांगायची तर खुणांनी : लाल कोठारापासून डावीकडे वळा, पांढऱ्या चर्चला वळसा घाला, लाकडी पूल जपून ओलांडा. कुठल्या गावात मुक्काम करावा, कुठे जेवण बरं मिळतं, सगळं लिहिलेलं. शब्बीरभाईंनी स्वतः अमेरिका पाहिलेली नाही, पण पत्ते सांगायला ते तिथेच शिकले.

माझ्या नवऱ्याला कायम शॉर्टकट हवा. तो नकाशावर बोट घालून म्हणतो, "इथून सरळ गेलं तर?" शब्बीरभाई त्याचं बोट उचलून बाजूला ठेवतात. "डाक्टरसाब, घाई असेल तर विमान करा."

एकदा त्याला खरंच कॉन्फरन्सला तिकडे जायचं होतं. शब्बीरभाईंनी सल्ला दिला, टायरच्या जास्तीच्या ट्यूबा घ्या, पाण्याची पिशवी गाडीला बाहेरून बांधा, आणि अमक्या गावी एका विधवा बाईची खानावळ आहे, तिथला ॲपल पाय चुकवू नका. आमचं ध्यान खरोखर वाट वाकडी करून गेलं! तिथे गाड्या धुवायचं दुकान निघालं. परत आल्यावर त्याने ते सांगितलं, तर शब्बीरभाईंचा चेहराच उतरला. "म्हणजे बाई गेली," म्हणाले. गाईड छापलं तेव्हा त्या बाईंचं वय काय असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको, आमच्या जुबेदाभाभी, गेल्या. तेव्हापासून घरात ते एकटे. मुलगी नसरीन ओहायोत फार्मसिस्ट. दर शनिवारी सकाळी ती लांबच्या एका गावातल्या क्लिनिकला कामासाठी गाडीने जायची आणि वाटेत अब्बांना फोन लावायची. इकडे तेव्हा दुपार. शब्बीरभाई नकाशा पसरून बसलेले.

"कोठार आलं का, बेटा?"

"आलं, अब्बा."

"डावीकडे घे. आता ओढा लागेल. तुझ्या आईला ओढ्याची भारी भीती..."

तासभर हे चालायचं. ईदची ड्यूटी ते कुणालाही बदलून देतील, पण शनिवारची दुपार मागितलीत तर तोंड फिरवतील. आठवड्यात त्यांचं म्हणून काही असेल तर तेवढंच.

गेल्या थंडीत नसरीन आली. स्वयंपाकघरात तिला म्हटलं, "अगं, अब्बांच्या हट्टापायी जुन्या रस्त्याने किती फिरतेस! कंटाळत नाहीस?"

ती हळूच हसली. "आंटी, तो जॉब मी केव्हाच सोडला. शनिवारी मी घरीच असते. घरासमोर गाडीत बसते, इंजिन चालू करते, आणि अब्बांना फोन लावते."

"अगं, पण का?"

"नुसता फोन केला की 'जेवलीस का, नमाज पढलीस का', खलास. आधी अम्मी बोलायची, ते नुसते शेजारी बसायचे. रस्ता असला की आंटी, ते बोलतात. अम्मीचं, लहानपणचं, सगळं. प्लीज, त्यांना सांगू नका."

मी नाही सांगणार म्हणाले.

ती परत गेल्यावर एका शनिवारी मी भांडं द्यायला शब्बीरभाईंकडे गेले. फोन नुकताच संपला होता. ते नकाशाची घडी घालत होते. ती घडी घालणं इतर कुणालाही जमत नाही.

"पोचली का नसरीन?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"पोचली." मग घडीकडेच बघत म्हणाले, "डाक्टरबाई, गाडी वळवताना आत टिकटिक वाजते ना, ती पूर्वी फोनवर मला साफ ऐकू यायची. आता वर्ष झालं. मी डावीकडे म्हणतो, उजवीकडे म्हणतो, टिकटिक काही वाजत नाही."

मी भांडं ओट्यावर ठेवायला वळले.

"तिला काही बोलू नका हां," शब्बीरभाई म्हणाले. "रस्ता बंद होईल."