अधांतरी बरणी

सूचीकाकांनी मागे वळून पाहिलं तेव्हा टेबल जागेवर नव्हतं. कोनाड्यातला चौथराही नव्हता. बरणी तेवढी होती. दीड हात उंच, साडेचौदा किलोंची आणि हवेत. एक बाजू काकांच्या हातांत, दुसरी प्रयोगशाळेतल्या बाईंच्या.

संग्रहालयाचं भांडार आणि त्यातल्या वस्तूंची सूची काका एकतीस वर्षं सांभाळत होते. एवढ्या काळात त्यांच्या हातून एका कपाचा टवकासुद्धा उडाला नव्हता, आणि शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. आजचा बेत साधा होता: बरणी कोनाड्यातून काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायची आणि सुताराने डुगडुगणारा लाकडी चौथरा दुरुस्तीला न्यायचा. सुताराने तो नेला. परत येऊन बघतो तर टेबलालाही चिठ्ठी: 'दुरुस्तीसाठी न्यावे', खाली काकांची सही. त्या सहीपुढे इमारतीत कोणाचं काही चालत नसे. त्याने टेबलही नेलं. काका पाठमोरे चालत होते आणि बाईंना बरणीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"ती चिठ्ठी गेल्या महिन्यातली आहे हो!"

"मग काढायची होती," बाई म्हणाल्या. "जमिनीवर ठेवू या?"

"वस्तू जमिनीला टेकवायची नाही. नियम आहे."

"कोणी केला?"

"मी."

"मग मोडा."

"शुक्रवारनंतर तुम्ही मोडा."

हाका ऐकून पहारेकरी धावत आला.

"टेबल आण! कसलंही!"

"आणतो," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही. बारा वर्षं तो या दालनाच्या दाराशी बसत होता. पण कोनाड्यातल्या अंधारात बरणी म्हणजे एक काळपट फुगवटा दिसायचा. आता तिच्यावर ऊन पडलं होतं. निळा रंग आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता आणि सोन्याची रेघ श्वास घेत होती. "काका, ही आपलीच?"

"टेबल!"

तो गेला आणि हात हलवत परतला. "सुताराने पाय काढलाय म्हणे. सरस वाळायला अर्धा तास."

"मग दुसरं टेबल?"

"ते विचारायचं राहिलंच," असं म्हणत तो पुन्हा बघत उभा राहिला.

काकांच्या दंडांना रग लागली. नाकासमोर वीतभर अंतरावर ड्रॅगन होता. एकतीस वर्षं त्यांनी या बरणीचा क्रमांक तपासला होता. ड्रॅगनच्या एकेका खवल्यात केसाएवढी पांढरी रेघ आहे, हे त्यांना आज कळत होतं.

"चिनी कारागीर ते चिनी कारागीरच," ते पुटपुटले.

"चिनी कसले? माझ्यासमोर दगडी खांब आहेत, द्राक्षांचे वेल आहेत, आणि चुण्यांचं पायघोळ वस्त्र नेसलेली युरोपातली देवी आहे."

"बाई, तुम्ही दमलात."

"तुमच्याकडे काय आहे?"

"ड्रॅगन."

"तुम्हीच दमलात."

एवढ्यात संचालकबाई तावातावाने आल्या. "काका, हा काय..." वाक्य तिथेच राहिलं. चष्मा पुसून त्या बरणीभोवती फिरल्या आणि तिच्या कडेच्या एका कानापाशी, धरायच्या मुठीपाशी, वाकल्या.

"दोघंही खरं बोलताय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "या कानावर म्हाताऱ्याचं तोंड आहे, जुन्या पाश्चात्त्य पुतळ्यासारखं. त्याची दाढी देवीच्या बाजूने निघते आणि काकांकडे पोचेपर्यंत तिचे चिनी ढग होतात. मध्ये कुठे जोड नाही. कुंचला उचललेलाच नाही हो!"

काकांना ती जागा दिसत नव्हती. त्यांच्या वाट्याला नुसते ढग आले होते.

"मॅडम, माझे हात..."

"हो हो, टेबल," असं म्हणत संचालकबाईंनी दुसरा फेरा सुरू केला.

अखेर सुतारच टेबल डोक्यावर घेऊन आला. बरणीखाली सरकवलं, वर मऊ नमदा अंथरला, चारही कोपरे दाबून पाहिले. "ठेवा, काका."

बरणी टेकली. आवाजसुद्धा झाला नाही. टवका नाही, तडा नाही. बाई मटकन खाली बसल्या. काकांनी दंड चोळले नाहीत की घाम पुसला नाही. ते टेबलाला वळसा घालून दाढीपाशी थांबले, मग देवीपाशी, आणि तिथेच राहिले.

"चौथराही झालाय," सुतार बराच वेळ वाट बघून म्हणाला. "बरणी कोनाड्यात ठेवायची ना परत?"

"इथेच राहू दे."

"अहो, पण टेबल मध्ये येतं. दार अर्धंच उघडतं."

काकांनी मान वर केली नाही.

"मग दार काढ."