तंबोऱ्याची साफसफाई

धूळ दिसली की केशरबाईंना चैन पडत नसे. संध्याकाळी सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांच्या सुनेचं, नंदिनीचं, पहिलंच जाहीर गाणं होतं. निम्मी वाशी ऐकायला येणार आणि तंबोरा हा असा कळकट. बाईंनी ओलं फडकं घेतलं. भोपळा लख्ख झाला. तारांखाली मळक्या दोऱ्याचे चार तुकडे अडकलेले दिसले, तेही त्यांनी ओढून केरात टाकले.

पाच वाजता नंदिनीनं तार छेडली. तंबोरा पत्र्याच्या डब्यासारखा टकटक वाजला.

"आई, दोरे कुठे गेले?"

"कसले गं दोरे?" केशरबाईंनी साळसूदपणे विचारलं.

"तारांखालचे. त्यांनीच तर झंकार येतो."

केर कधीच गेला होता. शिवणाचा दोरा घालून पाहिला, तो तुटला. लोकर घातली, तर तंबोरा मुकाच झाला.

"दादरहून दुसरा आणू?" नंदकिशोरनं बायकोला विचारलं.

"खाडीपूल ओलांडून तुमी येईपर्यंत प्रसाद संपेल. सेक्रेटरींना सांगा, गाणं रद्द." नंदिनीचे डोळे भरून आले.

वर्षभर पोर पहाटे उठून गात होती आणि केशरबाई कणीक मळता मळता ऐकत होत्या. त्यांनी कपाट उघडलं. ज्या पैठणीला सख्ख्या नणंदेलाही कधी हात लावू दिला नव्हता, तिच्या पदराच्या दशांतून चार रेशमी धागे काढले.

"घाल हे. थोडं वर सरकव. आणखी. हां, आता बोलाय लागला बघ."

"तुमाला कसं कळलं?"

"रोज ऐकतीय न्हवं? कान काय माहेरी ठेवून आलीय व्हय?"

रेशीम निसरडं, धागे सारखे घसरत. ते जागेवर आणायला कान हवा, म्हणून तंबोऱ्यावर केशरबाईच बसल्या, त्याच पैठणीत. नंदिनीनं भूप असा रंगवला की गच्चीवरची कुजबुज थांबली, पोरंसोरं गप्प झाली आणि शेवटी टाळ्या काही थांबेनात.

"काय गोड वाजतो हो तंबोरा. नवा घेतलात?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"जुनाच हाय," केशरबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या. "आज जरा स्वच्छ केला, एवढंच."

नंदिनीनं पदरात तोंड लपवून हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरीबाई उभ्या होत्या, एका हातात लेकीची सतार आणि दुसऱ्या हातात साबण.