मागं कोन ऱ्हायलं?

ग्यानबाकाका स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा सगळ्यांच्या मागे चालत होते, असं पुसेगावात अजून सांगतात. पुढे वाजंत्री, मधे रिकामा घोडा आणि सर्वांत शेवटी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, रेंगाळणाऱ्या पाहुण्यांना "चला, चला" म्हणत पुढे हाकणारा.

हे माझे सख्खे काका. त्यांचा जन्म शेळ्या राखण्यात गेला. शेळ्या राखणारा कळपाच्या मागे चालतो, आणि काकांच्या लेखी माणसांचाही कळपच असतो. देवळात, पंगतीत, बाजारात काका शेवटी. गाडी निघाली की त्यांची ठरलेली आरोळी येते, "मागं कोन ऱ्हायलं रे?" कोणीच राहिलेलं नसतं, तरी गाडी थांबवून बघावं लागतं.

काकूंना याचा भारी राग. "गजू, माझा सगळा संसार ह्यांच्या म्होरं चालण्यात गेला," त्या मला म्हणतात. "काही बोलायचं तर मागं वळून बोला. मान आखडली माझी!"

यंदा वारंग्याच्या बाजूला तळ्याकाठी एक नवी बाग झाली. बोटिंग आहे, मिनी गोल्फ आहे. माझ्या पोरीनं, चिऊनं, मोबाइलवर फोटो दाखवले आणि काकूंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मला बोटीत बसायचं. अन् ह्यांच्या बराबर बसायचं, शेजारी!"

"शेरडांकडं कोन बघल?" काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. पण काकूंनी आदल्या दिवशीच शेजारच्यांना राजी करून ठेवलं होतं. काकांना जीपमध्ये चढावंच लागलं. अर्थात शेवटच्या सीटवर.

काय तो उत्साह! काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, मांडीवर भाकरी-ठेच्याचं गाठोडं. वाटेतलं कळमनुरी येईपर्यंत "आलं का तळं?" असं चिऊपेक्षा काकूंनीच जास्त वेळा विचारलं.

आधी गोल्फ. हिरव्या सतरंजीसारखी वाट, टोकाला भोक. हातात काठी आल्याबरोबर काका खुलले. पण चेंडूला टोला मारतील तर शपथ! ते चेंडूच्या मागे मागे चालायला लागले. काठीनं हलकेच ढोसायचं आणि "हुर्र, हुर्र" करायचं. चेंडू कडेला गेला की काठी आडवी. आम्ही टाळ्या पिटतोय, चिऊ उड्या मारतेय. चेंडू भोकापाशी पोचला आणि काकांनी मधे पाय घातला.

"आजोबा, जाऊ द्या ना खड्ड्यात!" चिऊ ओरडली.

"येडी झाली का गं? इथवर सांभाळून आनलं ते खड्ड्यात घालाया?"

"चाचा, अंदर डालना है!" तिथला माणूस कळवळून म्हणाला.

"तू घाल तुजं," म्हणत काकांनी चेंडू उचलला, फुंकर मारून धूळ झटकली आणि चिऊच्या हातात दिला. हसून हसून आमची पोटं दुखली.

मग बोट. बदकाच्या आकाराची, पायानं चालवायची, शेजारी शेजारी दोनच जागा. काकू लुगड्यावर फुगीर जाकीट चढवून केव्हाच आत जाऊन बसल्या होत्या. काका मात्र काठावर उभे.

"मागची सीट कुठं हाय?"

"मागची सीटच नाही, काका."

"मंग तुमी जा. शेरडं पानी पितात तवा बी मी काठावरच असतो."

काकूंचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या. मी बी उतरते," त्या जाकिटाचा पट्टा सोडायला लागल्या.

मला रागच आला. "काका, काहून असं करून राहिले? एकदा तरी बसा की काकूच्या शेजारी!"

काका काठी चाचपू लागले, पण ती गोल्फवाल्यानं परत घेतली होती. मग खाली मान घालून म्हणाले, "गजू, म्होरं चालनाऱ्याला मागचं दिसत न्हाई. शेजारी चालनाऱ्याला अर्धंच दिसतं. मागं असलं की ती सबंध दिसती. ठेच लागली, दमली, काट्यात पदर अडकला, समदं दिसतं."

काकूंचा हात पट्ट्यावरच थांबला. त्यांनी तो पुन्हा आवळला. मग सरकून जागा केली.

"मंग आज अर्धीच बघा," त्या म्हणाल्या. "बसा."

काका बसले. पायडल मारताना समोर बघायचं असतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते काकूंकडेच बघत होते, त्यामुळे बदक एकाच जागी गोल गोल फिरत होतं. काठावरून शिट्ट्या वाजत होत्या आणि काकू मोठमोठ्यानं हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर आम्ही जीपमध्ये चढलो. शेवटची सीट रिकामी दिसली तसा मी वळून काकांचीच आरोळी ठोकली, "मागं कोन ऱ्हायलं रे?"

वाटेवरून काकूंचा आवाज आला, "आमी दोघं ऱ्हायलो! तुमी व्हा म्होरं."