गल्लीत कुणीच न बोललेलं वाक्य

सोनूबाईंनी सुनेशी तोडकंमोडकं मराठी बोलायला सुरुवात केली ती निव्वळ मायेपोटी. त्यांचा सूरज वारणानगरला डेअरीत मशीनवर होता. काम शिकायला म्हणून कोइमतूरला गेला आणि वर्षभरानं सेल्वीला घेऊन आला. पोरीला मराठीचं अक्षर येत नव्हतं. कोडोलीच्या त्या गल्लीत सासूला ‘आत्ती’ म्हणतात, तेवढा एक शब्द तिच्या तमिळमधल्यासारखा निघाला. बाकी सगळा अंधार. मग सोनूबाईंनी लेकराला मासा भरवताना काढावेत तसे भाषेतले काटे काढून टाकले.

“सेल्वी, तू चहा कर. मी पी. म्हस राग. तू जाऊ नको म्हस.”

सेल्वी मान डोलवायची. ‘व्हय आत्ती’ आणि ‘न्हाय आत्ती’ यापलीकडं तिच्या तोंडून काही निघत नसे. शेजारीपाजारीही तिच्याशी तसंच बोलू लागले, वर आवाज चढवून, जणू पोरगी बहिरी आहे.

“आई, नीट बोल की तिच्यासंगं,” सूरज म्हणाला. “अशानं ती शिकनार कवा?”

“गप रं. आदी हुबी तर ऱ्हाऊ दे, मग पळंल.”

होता होता सोनूबाईंचीच जीभ त्या चालीला लागली. दुकानात जाऊन “साखर दे, मी जा घर” म्हणाल्या, तेव्हा दुकानदार बाळासो चपापला. “काकी, बरं न्हाय व्हय?” सोनूबाईंना कशाचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो कुरडयांच्या दिवशी. सासू-सुनेनं पहाटे उठून चीक शिजवला, कुरडया घातल्या, अंगणात प्लॅस्टिकच्या कागदावर वाळत ठेवल्या. ऊन चढतंय तोवर शेजारच्या बयाबाईंनी धुण्याच्या बादलीतलं पाणी नेहमीसारखं न बघता भिरकावलं. सगळ्या कुरडया साबणाच्या पाण्यात!

सोनूबाई पदर खोचून बाहेर आल्या. दारोदारी माणसं उभी राहिली. भांडणात सोनूबाईंना कुणी हरवलेलं गल्लीनं पाहिलं नव्हतं.

“बये!” त्या गरजल्या. “तू पानी टाक! माझी कुरडई... कुरडई वली! तुला डोळा न्हाय?”

गल्लीत हशाच हशा.

“सोने, तूबी मद्राशीन झालीस व्हय गं?” बयाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

सोनूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. शब्द होते सगळे, पण एकमेकांचा हात धरेनात. आयुष्यभर कमावलेली पत गल्लीदेखत चालली होती. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात चिकाचं भांडं घासताना माखलेले हात तसेच घेऊन सेल्वी उंबऱ्याबाहेर आली.

“बयामावशी, तुमचं पानी तुमच्या दारात वतायला तुमाला कुनी नगं म्हटलंय का? आत्तीनी पाटंचं उटून केलेल्या कुरडया तुमी भिजवल्या, आन् त्याच कुरडया वाळल्या असत्या तर तळून खायाला सगळ्यांच्या आदी तुमीच आला असता की!”

पाळण्यातलं पोर एकदम उठून चालत दारात यावं, तसं झालं. सोनूबाई सुनेकडं वळल्या. एवढं सगळं या पोरीत कधी रुजलं? कुणी पेरलं?

“सेल्वी... तुला कोन शिकव?”

“कुनी न्हाय, आत्ती. तुमी माझ्यासंगं तुटकं बोलता. म्हशीला शिव्या देताना मातर पुरं बोलता. मी ते ऐकत हुते. आन् बयामावशी त्यांच्या मालकास्नी बोलत्यात, ते भिंतीपल्याडनं.”

बयाबाईंचा चेहरा उजळला. “तरीच! ‘कुनी नगं म्हटलंय का’, ह्यो ठसका माझा हाय!”

“तुझा कशानं? माझ्या घरात ऱ्हाऊन, माझ्या म्हशीमागं हिंडून शिकलेली पोर ती, आन् तू भिंतीआडनं हक्क सांगतीस व्हय?”

सोनूबाईंचं वाक्य सलग, खणखणीत निघालं. ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“मग तिलाच इचार की! सेल्वी, खरं सांग, कुनाचं बोललीस? हिचं का माझं?”

सेल्वी विचारात पडली. म्हशीला बोललेलं, मालकांना बोललेलं, सगळं तिनं मनात चाळून पाहिलं.

“कुनाचंच न्हाय, मावशी. हे कुनी बोललंच न्हवतं,” ती हळूच म्हणाली. “माझंच हाय की ते.”

बयाबाई ओल्या कागदाशेजारी फतकल मारून बसल्या, सोनूबाईही टेकल्या.

“आनि काय काय हाय गं तुझ्याजवळ?” बयाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. “बोल बगू.”