तळाच्या कर्मचाऱ्यांचा आहार

कोणत्याही संस्थेची स्वच्छता तळाशी काम करणाऱ्यांवर अवलंबून असते, आणि तळाशी काम करणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागत नाही, हे सुव्यवस्थित कारभाराचं मूळ तत्त्व आहे. साहेबांनी एकतीस वर्षं कचेरीत ते पाळलं आणि निवृत्तीनंतर जेवणाच्या टेबलाशेजारी जमिनीलगत ठेवलेल्या मत्स्यालयात लागू केलं.

मत्स्यालयाची रचना आदर्श होती. वरच्या आणि मधल्या थरात रंगीत मासे (अधिकारी वर्ग, काम: दिसणे). तळाशी सहा कॅटफिश, बोटभर लांबीचे, मिशाळ, सदैव घोळक्याने हिंडणारे (स्वच्छता विभाग). अधिकाऱ्यांना दिवसातून दोनदा चिमूटभर खाद्य. स्वच्छता विभागाने त्यांच्या तोंडून निसटेल ते खावं आणि वाळू लखलखीत ठेवावी.

साहेबांनी नोंदवही सुरू केली. पहिला आठवडा: कर्मचारी तासाला सरासरी चार वेळा कामाची जागा सोडून पृष्ठभागावर जातात (हवा खायला). वाळू साफ झाल्याचं आढळलं नाही. दुसरा आठवडा: हालचाल मंदावली (शिस्त लागत आहे). तिसऱ्या आठवड्यात एक कर्मचारी दगावला, चौथ्यात दुसरा. उरलेले चौघे हिंडणं सोडून कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले. वहीत यासाठी रकाना नव्हता. एव्हाना साहेबांचा मात्र या मिशाळांवर जीव जडला होता. ते तडक फोटो घेऊन दुकानात गेले.

"यांना खायला काय घालता?" दुकानदाराने विचारलं.

"यांना? हे सफाईवाले ना?"

"साहेब, मासे आहेत ते! पोटं खपाटीला गेलीत, दिसत नाही का? वरच्यांचं उरलंसुरलं खाऊन कुणाचं भागतं? या बुडणाऱ्या गोळ्या घाला. आणि अजून दोन न्या. सहाच्या खाली असले की घाबरून राहतात."

साहेब खजील झाले. महिनाभर रोज समोर बसून आपल्याला एक भूक दिसू नये, या विचाराने त्यांना वाटेत दोनदा डोळे पुसावे लागले. चांगल्या माणसाचं असंच असतं, चूक कळली की तो लगेच परिपत्रक काढतो. मत्स्यालयाच्या वर, भिंतीवर ते लागलं:

१. तळाला आधी वाढावे.
२. पोटांची रोज पाहणी करावी.
३. उरलेसुरले म्हणजे आहार नव्हे.

त्या दुपारी साहेब, मुलगा आणि मुलगी पोटभर जेवून उठले. बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, वाढत होत्या. साहेबांनी गोळ्या टाकल्या आणि चक्क जमिनीवर पालथं पडून पाहू लागले. जुने चार आणि नवे दोन, सहाही मिशाळ गोळ्यांवर तुटून पडले. साहेबांचा आनंद पोटात मावेना.

"अगं, धावत ये! पोटं बघ कशी टम्म झालीत!"

"आले हो," स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या, "एवढी पातेल्याची खरवड खाऊन संपवते."

हात पुसत त्या आल्या आणि वाकताच त्यांची अंगठी बोटातून निसटून साहेबांसमोर पडली. दोन वेळा दोरा गुंडाळूनही ती राहत नव्हती.

"सोनाराला दाखव ही," साहेबांनी ती उचलून नीट निरखली. "वाढलीये."

बाईंनी अंगठी घेतली. परिपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तिसरं कलम पुन्हा वाचलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

वाचकांनी साहेबांना हसण्यास हरकत नाही. फक्त काल तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवलं आणि त्या ताटात काय होतं, एवढं कुणालाही न विचारता सांगून बघा. सांगता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मधल्या थरातल्यांना खाद्य वेळेवर मिळत असतं, त्यांना खाली बघायचं कारणच पडत नाही.